फाट्यापर्यंत येता येतं का?

दासू मामा गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला कळलं की माझी लिस्ट खोटी आहे.

आज त्याला वर्ष झालं. वर्षभर लिहायची हिंमत झाली नाही, आज लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेनगाव तालुक्यातल्या गावांतून म्हातारी माणसं, अपंग, डायलिसिसचे पेशंट यांना हिंगोलीला आणणारी आमच्या छोट्या संस्थेची एक व्हॅन आहे. कुणाला कुठून, किती वाजता घ्यायचं हे मी ठरवते. गाडी मामा चालवायचे.

नरसीजवळच्या तांड्यावरचे. म्हणायचे, "आमच्या बापजाद्यानं बैलावर मीठ वाहलं ताई, मी माणसं वाहून राहिलो."

मामा वक्तशीर. फक्त डायलिसिसच्या दिवशी पुसेगावात पंधरा मिनिटं उशीर.

का, म्हणून विचारलं की हसायचे. "चहा पेतो ताई. वय झालं, चहा लागते."

मी चिडायचे. डायलिसिसच्या मशीनची वेळ ठरलेली, ती चुकली तर पुढचं सगळं बिघडतं. एकदा तर संस्थेच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहिलं होतं मी: "मामा, पेशंटपेक्षा चहा मोठा नाही."

त्यावर मामांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला. एवढंच.

ते गेले एका संध्याकाळी, घरीच, जेवता जेवता. फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू?

उद्या गाडी कोण नेणार?

लाज वाटते, पण हाच आला. रडू नंतर आलं.

ओळखीचा ड्रायव्हर इरफान तयार झाला. मी त्याला लिस्ट पाठवली. नाव, गाव, फाटा, वेळ. सगळं बरोबर.

सकाळी त्याचा फोन. "ताई, पुसेगाव फाट्यावर कोणीच नाही. हॉर्न मार मारके थकलो."

तिथून सोजराबाईला घ्यायचं होतं. सत्तरीची बाई, एकटी राहणारी, आठवड्यात तीनदा डायलिसिस. मी तिला फोन लावला.

"आजी, निघालात का?"

"व्हय, निघाले की."

पाच मिनिटांनी पुन्हा. "आजी, कुठपर्यंत आलात?"

"आले आले. रस्त्यातच हाय."

गाडीत बाकीचे पेशंट बसलेले. एकाचे पाय सुजलेले, एकाला धाप लागलेली. हिंगोलीहून सिस्टरचा फोन, "मॅडम, मशीन लावून ठेवलीय, कुठं आहेत पेशंट?"

इरफानला म्हटलं, थांब. मग म्हटलं, निघ. मग परत म्हटलं, दोन मिनिटं थांब.

शेवटी म्हटलं, "निघ. आजीचं मी बघते."

गाडी निघाली आणि तिचाच फोन आला. ती रडत होती.

"गाडी गेली काय गं लेकरा? आवाज आला मला. मामा काहून न्हाई आले आज? मामा येतेत अन् मला उचलून नेतेत."

"आजी, तिथंच थांबा, मी येते," म्हटलं.

स्कूटी काढली. रस्ताभर एकच भीती. दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेली बाई, पोहोचेपर्यंत तिला काही झालं तर?

तिचं घर फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. पण गल्लीत दगड, दाराला तीन पायऱ्या. ती उंबऱ्याशी बसलेली, नव्हे, घासत घासत तिथपर्यंत आलेली. कोपर सोललेलं. पिशवी मांडीवर, डायलिसिसचं कार्ड पिशवीत.

गुडघे दीड वर्षापासून गेलेले. उभंच राहता येत नाही.

"आजी, मग आले आले काहून म्हणत होतात?"

"न्हाई म्हणलं तर नाव कटलं असतं की."

माझ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे. फाट्यापर्यंत स्वतः येता येतं का? फॉर्म मी फोनवर भरलेले, हिंगोलीत, पंख्याखाली बसून. सगळ्यांनी "हो" सांगितलं होतं. मला वाटलं, चला, काम सोपं झालं.

"मामांनी तरी मला सांगायचं!"

"म्याच शपथ घातली व्हती त्यान्ला. हिंगोलीच्या बाईला सांगू नका म्हणून."

मग तिला सांगावं लागलं, मामा कुठे आहेत ते.

ती बराच वेळ पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "आता मी कशी जाऊ?"

शेजारच्या दोघांनी उचललं, एक ऑटो मिळाला. दुपारची मशीन सिस्टरनं कशीबशी दिली. आजीला धाप लागली होती, पण निभावलं.

मामांचा दहावा झाल्यावर मी गावोगाव गेले. साखरा, पुसेगाव, नरसी. घरात जाऊन, माणूस बघून, तोच प्रश्न विचारला. बाजेवर पडून असलेला एक गृहस्थ म्हणाला, "येतो की चालत, त्यात काय."

सोजराबाईकडेही गेले. तिला मी स्वतः उंबऱ्यावर पाहिलेली. तरी फॉर्म हातात धरून विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. फॉर्मकडे पाहिलं.

"येते की," म्हणाली.

मीच "नाही" लिहिलं. नाव कटणार नाही, असं पोरांची शपथ घेऊन सांगितलं. तिला पटलं का, माहीत नाही.

आता गाडी दारापर्यंत जाते. तरी रोज सकाळी मी फोन लावते. पलीकडून "निघालो, आलोच" ऐकलं की मी विचारते, "खरं सांगा, उभे आहात की बसलेले?"

तेव्हा मला मामा आठवतात.

मामा, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. चुकले मी.

तुम्हाला मनापासून नमस्कार.