झरोक्यावरचं प्लास्टिक

आई गेल्यावर बाबांना मी साताऱ्याहून दिल्लीत, आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. दिवाळी नुकतीच संपली होती. नवऱ्याची बदली गुवाहाटीला झालेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. बाबा एकोणऐंशीचे, दमा जुना, बाकी तब्येत ठणठणीत. येताना त्यांनी एकच अट घातली.

"माझी अंघोळ मी करीन. त्यात तू पडायचं नाहीस."

शेवटच्या वर्षभरात आईला अंघोळ घालायला एक बाई यायची. आई भिंतीकडे तोंड करून बसायची, ते त्यांनी रोज पाहिलं होतं. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मी याद्या करते. ऑफिसात फायलींची, घरी कामांची. बाबा आले तेव्हा दिल्लीची हवा नेहमीसारखीच विषारी झाली होती. डॉक्टरांनी खिडक्या बंद ठेवायला सांगितलं. मी रविवारी 'धूर' नावाची यादी केली आणि एका दिवसात उरकली. दारांच्या फटींना पट्ट्या, खिडक्यांना टेप, आणि बाथरूमच्या झरोक्याला बाहेरून पारदर्शक प्लास्टिक, कारण त्याच्या काचेच्या पट्ट्या मिटल्या तरी फटी राहायच्या. सगळ्यासमोर बरोबरच्या खुणा केल्या.

डिसेंबरात थंडी आली. आमच्या क्वार्टरचं वायरिंग जुनं. खोलीतला हीटर आणि विजेचा गीझर एकदम चालला की घरभर अंधार. एका सकाळी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बाबांवर ती वेळ आली.

"इतके मंत्री राहतात तुमच्या गावात," ते कुडकुडत बाहेर येऊन म्हणाले, "आणि एका म्हाताऱ्याला दोन बादल्या गरम पाणी मिळू नये?"

म्हणून गॅस गीझर घ्यायचा ठरला. मी दुसरी यादी केली. पहिलंच कलम होतं, गीझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत लावायचा. त्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागणार होतं, आणि सरकारी भिंतीला परवानगीशिवाय भोक पाडायचं नसतं. शेजारपाजारी सगळ्यांनी पाडलं होतं. मी अर्ज केला. दुरुस्ती विभागातून उत्तर येईना, थंडी वाढत चालली.

"मॅडम, सबके यहाँ अंदर ही है," फिटर म्हणाला. "खिडकी है ना ऊपर? बस."

"टेम्पररी लगा दीजिए," मी म्हणाले. "परमिशन आएगी तो बाहर शिफ्ट करेंगे।"

"आपकी परमिशन तक तो गर्मी आ जाएगी।"

काम त्यानं नीट केलं. सिलिंडर बाहेर, नळी नवी. मी स्वतः प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. ज्योत निळी होती. शेवटचं कलम होतं, झरोका उघडा हवा. मी मान वर करून बघितलं. काचेच्या पट्ट्या उघड्या होत्या, त्यांच्यातून उजेड येत होता. मी खूण केली.

पट्ट्यांच्या बाहेर ते प्लास्टिक तसंच होतं, आणि ते मीच लावलं होतं. महिनाभरात त्यावर धूळ बसून ते काचेसारखंच दिसायला लागलं होतं. शिवाय दोन याद्या दोन वेगळ्या पानांवर होत्या. ऑफिसात कुणी अशी चूक केली असती तर मी त्याला समोर बसवून विचारलं असतं, जुनी फाइल बघितली नाहीत का.

बाबांना मी एवढंच बजावलं होतं, वास आला की गीझर बंद करा. नवव्या दिवशी सकाळी मी त्यांना चहा टाकू का असं विचारलं. पाणी पडत होतं, उत्तर नव्हतं. पुन्हा हाक मारली. मग समोरच्या सरदारजींना बोलावलं आणि त्यांनी खांद्यानं कडी तोडली. बाबा फरशीवर कुशीवर पडले होते. गीझर चालू होता. वास कसलाही नव्हता.

"बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतोच," हॉस्पिटलमधली डॉक्टर म्हणाली. "अजून दहा मिनिटं गेली असती तर..."

बाबा वाचले. सहाव्या दिवशी घरी आले. पण हात थरथरायला लागले, शर्टाची बटणं चुकायला लागली, आणि कधी कधी हातातला तांब्या कशासाठी घेतलाय तेच त्यांना आठवेना. डॉक्टर म्हणाली, काही महिन्यांत सुधारेल, काही सुधारणार नाही. बाथरूममध्ये एकटं सोडू नका.

ते प्लास्टिक मी बाबा पडले त्याच दिवशी फाडलं होतं. नंतर परवानगीची वाट न बघता भिंतीला भोक पाडलं, गीझर बाल्कनीत नेला. दाराची तुटलेली कडी पुन्हा बसवली नाही. सकाळी मी दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि दर दोन मिनिटांनी हाक मारायची.

"बाबा?"

"हं."

"बाबा?"

"आहे अजून."

आठवडाभर असं चाललं. मग एकदा उत्तर आलं नाही. मी दार ढकललं. बाबा पाटावर टॉवेल गुंडाळून बसले होते. अंग कोरडं, बादली भरलेली, पाण्याच्या वाफा निघत होत्या.

"बरं वाटत नाहीये का?"

"तू मोजत असतेस बाहेर," ते म्हणाले. "मला सुरुवातच करता येईना."

मी 'सॉरी' म्हणाले. हॉस्पिटलमध्येही म्हणाले होते, तेव्हा त्यांनी हातानंच असू दे अशी खूण केली होती. या वेळी केली नाही. बादलीतलं पाणी निवत होतं. मी दार लोटून पुन्हा बाहेर बसू शकले असते. बसले असते तर ते तसेच बसून राहिले असते, थंडीत.

"मी घालू का?" मी विचारलं.

ते पाटावरच हळूहळू वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी बाह्या वर केल्या. पहिला तांब्या पाठीवर ओतला तेव्हा त्यांचे खांदे आकसले. पाणी फार गरम आहे का, असं विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. पाठ घासून झाल्यावर, पुढचं ते स्वतः करतील म्हणून साबण त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी घेतला, थोडा वेळ तसाच धरला, आणि न वळता मला परत दिला.