होडी खाडीत वळलीच नाही

ये गं बाय, अशी जवळ ये. दारातून काय बोलतेस, पाहुणी आहेस का? दिवस वर गेलेत, डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल हो म्हणून सांगितलंय, आणि तू मला सांगतेस, "आजी, घरचे म्हणतात अमावस्या जाऊ दे." घरचे म्हणतात! बस खाली. घरच्यांचं मी सांगते तुला.

लग्न होऊन मी दिघीच्या कोळीवाड्यात आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. पहिलटकरीण होते. श्रावणात पाऊस जरा उघडला तशी खाडीपलीकडून एक डॉक्टरीणबाई तरीतून, माणसं ने-आण करणाऱ्या होडीतून, देवी टोचायला आली. शाळेत सगळ्या बायका जमलेल्या. माझं पोट बघून तिने मला बाजूला घेतलं, लाकडी नळी लावून ऐकलं आणि आमच्या ह्यांना बोलावलं. "दिवस भरलेत. पुनवेपर्यंत कळा आल्या नाहीत तर हिला माझ्याकडे आणा, मी कळा आणीन. फार वर गेलं की वार थकते, पोराला आत पोसायला पुरत नाही."

"आणतो की. होडी घरचीच हाय," हे म्हणाले.

कळा काही येईनात. विहिरीवर बायका चिडवायच्या, "काय गो, म्हशीचं दावं ओलांडलंस काय? बारा महिने नेतेस वाटतं!" मीही हसायचे. पोर आत असं उसळायचं, हसू नाही येणार तर काय!

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी ह्यांनी माझं गाठोडं स्वतः बांधलं. दोन लुगडी, बाळाला जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे. म्हणाले, "सकाळी नारळ घालायच्या आधी तुला खाडीपलीकडे आगरदांड्याला, बाईकडे उतरवतो." केवढा आवडला मला तो माणूस त्या दिवशी!

सकाळी सासूने मागच्या पडवीत चुलीपुढे बसवलं. "पूजेला करंज्या तुझ्या हातच्या. एवढा घाणा काढ नि मग निघ." मी आपली तळतेय. तेवढ्यात बंदरावरून वाजंत्री ऐकू आली. पिठाच्या हातांनीच धावले. नारळ घालून झालेला. पताका लावलेली आमची होडी इतर होड्यांबरोबर निघाली होती. वाटलं, आता वळेल खाडीत, मला घ्यायला. वळलीच नाही.

"आय, मला न्यायचं होतं ना?"

"पूजेच्या होडीत पोटुशी चढत न्हाय. पयली मासळी येऊ दे, मग जा कुठं जायचं तिथं."

पलीकडे नेणारी तरही खुंटाला बांधलेली, ती वल्हवणारे सगळे दर्यावर. म्हसळ्याकडचा रस्ता चिखलाने बंद. मी किनाऱ्यावरच्या बायकांकडे बघितलं, तर एकीनेही वर बघितलं नाही. त्याच, विहिरीवरच्या. सगळ्या वाडीला ठाऊक होतं गं, मी सोडून.

होड्या परतायला काही दिवस लागले, त्याआधीच पोराचं उसळणं थांबलं. सासू म्हणाली, "यायच्या आधी निजतं पोर. दम खातं." मी रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसले.

मग होडी आली, सुरमईने भरलेली. हे हसत वर आले, माझं तोंड बघितलं आणि तसंच मला होडीत बसवलं. खाडीच्या मध्यावर मी विचारलं, "कधी ठरलं हे?"

"आय म्हणाली की..."

"आयचं न्हाय विचारत. तुम्हांला कधीपासून ठाऊक होतं?"

वल्हं थांबलं. "गाठोडं बांधलं त्याच्या आधी."

डॉक्टरीणबाईने नळी लावली. इकडे, तिकडे, परत इकडे. मग एरंडेल पाजलं, पाण्याची पिशवी फोडली, कळा आणल्या. जित्या पोरासाठी आणायच्या त्याच कळा. मुलगी होती. दाट जावळ, नखं वाढलेली. मी विचारलं, "पुनवेला आले असते तर?" बाई म्हणाली, "वाचलीच असती अशी शपथ मी घेणार नाही. पण तेव्हा तिच्यात जीव होता, आणि मला काही करता आलं असतं."

त्या माणसाबरोबरच जन्म काढला मी. दारू नाही, हात उगारणं नाही, वाईट म्हणता येत नाही. पण पुढे कधी काही निकडीचं निघालं तर मी आधी गेले, मग ह्यांना कळवलं. दुसऱ्या खेपेला सुकी मासळी घेऊन बोर्लीच्या बाजाराला जाते म्हणून घरातून निघाले, ती सरळ खाडीपलीकडे. दवाखान्याच्या आवारातच राहिले. दिवस वर जायला लागले तशा बाईने कळा आणल्या. तुझा बाप तिथला. असा रडला, की आख्खा दवाखाना उठवला.

तेव्हा तू आजच निघ. नवरा येतो म्हणाला तर बरं, नाही आला तरी निघ, रिक्षा दारात येते आता. आणि सुटलीस की बाळाला घेऊन इकडे ये. सव्वा महिन्याचं काही धरत बसू नकोस. लवकर ये बाय, मला त्याला मांडीवर घ्यायचंय.