मचव्याचे दोर

बाबांना मी पोलादपूरला आणलं तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेलीच होती. आई वारल्यावर किनाऱ्यावरच्या घरात ते एकटे आणि मी इथे घाटाच्या पायथ्याशी शाळेत शिकवणारी. माणूस आणता येतो, त्याचा समुद्र कुठून आणायचा? रोज दुपारी ओटीवर बसून ते विचारायचे, "वारा फिरला काय गो?" चहूकडे डोंगर. इथे वारा फिरला काय, न फिरला काय, कोणाचं अडतं? मी आपली "फिरला" म्हणायचे. त्यांना ते खोटं कळायचं. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं आणि ते मला जास्त लागलं.

म्हणून तो मचवा. तरुणपणी बाबा शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हाती. इंजिनाच्या होड्या आल्या आणि तो मचवा फोडून सरपणाला गेला. अगदी तसाच, हातभर लांबीचा मचवा करायचा आणि तो बाबांच्या बोटांना ओळखू आला पाहिजे, असं मी मनात धरलं. सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा ह्यांनी जुळवून दिला. महाडच्या एमआयडीसीत फिटर, हात चांगला. पण पाळी करून आल्यावर माणूस दोर वळत बसणार नाही. दोर आणि कप्प्या माझ्या वाट्याला आल्या.

पहिल्या खेपेला मी कप्प्या म्हणून शर्टाची बटणं लावली आणि दोराला नायलॉनचा धागा. बाबांनी चाचपलं.

"बटणं? मचवा हाय का सदरा? आन नायलॉन तवा कुठं व्हता?"

मी अशी चिडले की बरेच दिवस त्याला हात लावला नाही. मग चिडूनच करवंटी घासायला बसले. वाटाण्याएवढ्या कप्प्या, प्रत्येकीत फिरणारं चाक. किती फुटल्या ते विचारू नका. सुती दोरा मांडीवर वळला आणि काथ्याचा रंग यावा म्हणून चहाच्या पाण्यात उकळला. शेजारीण डोकावून म्हणाली, "बाई, पाहुण्यांना काय आता सुतळी पाजणार?"

डोलकाठी उभी राहिली. तिला धरणारे दोर मी दोन्ही बाजूंनी सारखे ताणून बांधले, कॅलेंडरवरच्या जहाजाला असतात तसे. मचवा बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं डोलकाठीवर चढली, कप्पीचं चाक फिरवून हसली आणि दोरांवर येऊन थांबली.

"दोनी अंगांना ताठ?"

"डोलकाठी पडू नये म्हणून."

"वारा ज्या अंगाचा, त्याच अंगाचे दोर ताणायचे. दुसऱ्या अंगाला शीड. तिकडचे दोर सैल सोडायचे, नायतर शीड अडतं." मचव्याच्या तोंडावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्यो जातोय का येतोय?"

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं, तो जमिनीकडून, ईशान्येचा, उजव्या अंगाला लागतो. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून वायव्येचा खारा होतो. त्यावर घरी यायचं, तेव्हा डावे दोर ताठ. लहानपणी रोज दुपारी मी बंदरावर उभी राहून त्यांचं शीड शोधायचे. एवढं बघितलं, पण दोर कधी बघितले नव्हते.

"येतोय," मी म्हटलं.

"मग उजवे सोड."

मी सोडले. डावे त्यांनी स्वतः ताणले, गाठी मारल्या. बोटं कुठेही अडखळली नाहीत. मग मचव्याचं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवून म्हणाले, "वारा फिरला गो."

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मचवा कपाटावर आहे. पाहुणे आले की सांगतात, एका बाजूचे दोर सुटलेत, बांधून घ्या. मी "हो" म्हणते आणि चहा ठेवते. दुपारी घरात कोणी नसलं की त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसते. बाबांची फार आठवण येते. डावे दोर अजून ताठ आहेत.