वाकड्या पैलूंचा हिरा

हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे माई म्हणत, मालकसुद्धा. खिडकीजवळची फिरती चकती माईची. तिथे दुसरं कुणी बसलं, की उठवायला तिची नुसती नजर पुरायची.

एक दिवस संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांना राजाच्या हिऱ्याची स्फटिकाची प्रतिकृती हवी होती. खरा हिरा परक्या राणीच्या मुकुटात जाऊन बसला, त्याला पिढ्या लोटल्या. तिकडचे म्हणतात, भेट मिळाला. इकडचे विचारतात, गादीवरच्या पोराला आईपासून तोडून सही घेतली, त्याला भेट कधीपासून म्हणायला लागले? हे भांडण अजून मिटलेलं नाही. माईला सलायचं ते वेगळंच. नेणाऱ्यांना तो ओबडधोबड वाटला, म्हणून त्यांनी घासून घासून जवळजवळ निम्मा केला.

"आताच्या आकाराची प्रतिकृती तयार मिळते," बाई म्हणाल्या. "जुन्याची चित्रं आहेत, मापं आहेत, पण घडवायला कुणी धजत नाही. स्फटिकाचे दोनच तुकडे आहेत. नाही जमलं, तर आताचाच मांडू."

"मग आपल्याकडे होता तो कसा होता, हे पोरांना कळायचं कधी?" माई म्हणाली. "द्या इकडे."

पहिला तुकडा वाया गेला. जुन्या कारागिरांनी वजन राखायला दगडाच्या कलाने पैलू पाडलेले, एक रुंद तर शेजारचा अगदी अरुंद. माईचा हात मात्र जन्मभर सारखे पैलू पाडण्यात मुरलेला. शेवटी भिंग लावून पाहिलं, तर दगड कसा देखणा, नीटनेटका! माईने कपाळावर हात मारला.

घरी नवरा हसून बेजार. "आयुष्यभर वाकड्याला सरळ करत आलीस. मलाही सोडलं नाहीस. आता भोग!"

"तुम्ही कुठे झालात सरळ?" ती म्हणाली खरी, पण ताट अर्ध्यावर सोडून उठली.

दुसऱ्या तुकड्याला तिने युक्ती केली. एक पैलू झाला, की त्यावर काळा रंग फासायचा. शेजारचा दिसलाच नाही, तर हात बरोबरी करणार कुणाशी? अखेर तिने रंग धुऊन काढला. बाईंनी एकेक माप ताडून पाहिलं आणि माईचे दोन्ही हात धरले.

प्रतिकृती मांडली त्या दिवशी नवरा काचेला नाक लावून म्हणाला, "काय गं, हा फारसा चमकत नाही."

"नाहीच चमकायचा. आपल्याकडे असाच होता."

"आणि उद्या त्यांनी खरा परत दिला तर?"

"द्यायलाच हवा. पण येईल तो त्यांनी घासलेला. राजाने पाहिलेला बघायचा, तर इथेच यावं लागेल."

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी ओरडलं, "आजी, सरका की पुढे!"

"सरकते हो," माई म्हणाली. "जरा डोळे भरून बघू द्या. मी घडवलाय."