तोफेच्या पोटाखालचा अंगठा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या मनातलं न सांगताच बरंच कळतं. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका फक्त.

मला जुन्या छोट्या तोफांचा नाद आहे. एकोणिसाव्या शतकातल्या, दोन माणसांना उचलता येतील अशा. लंडनमध्ये, हॅरोतल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे माझ्या पाच तोफा आहेत. पाचही इंग्रजी, बिडाच्या, जहाजावरून इशारा द्यायच्या. पंधरा वर्षं लिलावांमागे फिरून जमवलेल्या. आपल्या मुलखातली एक तरी मिळावी म्हणून मी काय नाही केलं? पुण्यात असताना मोडी शिकलो, तीही याच नादापायी. इथल्या आमच्या मराठी मंडळात मला सगळे 'मोडीवाले' म्हणतात. मला ते आवडतं.

आणि मिळाली कुणाला? सुधीरला. माझ्या मित्राला — ज्याला तोफांमधलं ओ की ठो कळत नाही. वेल्सला सुट्टीवर गेला होता, लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तसल्या एका कार बूट सेलमध्ये दिसली, गंमत म्हणून उचलून आणली. जंबुरा! उंटाच्या पाठीवरून डागायची तोफ, पंचरशी धातूची, जेमतेम तीन फुटांची. बत्ती द्यायच्या भोकाखाली मोडीतल्या दोन बारीक ओळी.

"अरे, तू एक्स्पर्ट ना? नीट बघ हं," तो म्हणाला. "तू सांगशील ते फायनल."

पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खरोखर दुखत होतं. ओळी पहिल्याच नजरेत लागल्या होत्या. तरी मी चष्मा पुसला, टॉर्च मागितला, वेळ काढला — आणि म्हणालो, ही अक्षरं नाहीतच, नुसती नक्षी आहे. टुरिस्टांना विकायला केलेला नकली माल.

सुधीर चिडला असता तर? पण तो हसला. तोफ मागच्या बागेत नेली आणि तिच्यावर लॅव्हेंडरची कुंडी ठेवून दिली. दैवानं त्याला दिलं होतं. नेलं मात्र माझ्या कर्मानं. आणि मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं.

एवढंच असतं, तर कदाचित मी हे सांगायला बसलोही नसतो.

त्या उन्हाळ्यात सुधीरचे वडील आले. काका ओतारी, जन्मभर पितळ वितळवून देवळांच्या घंटा ओतल्या, समया ओतल्या. त्या दिवशी मीही तिथे जेवायला होतो. काकांनी कुंडी उतरवली, बोटाच्या पेरानं तोफेवर टकटक केलं, कान लावला. मग तिच्या पोटाखाली हात घातला आणि तसेच थांबले.

"सुधीर, इथं अंगठा उमटलाय बघ. मेणाचा साचा करताना दाबलेला. जुन्या हाताची ओत आहे रे ही."

त्यांनी आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला होता. चेहरा इतका उजळला होता — मला बघवेना. मला त्या म्हाताऱ्या माणसाचाही हेवा वाटला. लाज वाटते, पण वाटला. मी म्हणालो, "नकली माल करणारेही हातानंच करतात, काका. मी तपासलंय ना."

त्यांनी अंगठा काढून घेतला.

"असेल. तुम्ही शिकलेले. आम्हाला काय, घंटांपुरतं कळतं."

गावी परतल्यावर काकांनी भट्टी बंद केली. सुधीर मला सहज म्हणाला, "बाबा म्हणतात, हाताला आता खरं-खोटं कळेनासं झालंय. एज, यू नो."

त्या दोन ओळी मला पाठ आहेत. 'ओतणार धोंडजी ओतारी. कसबे वाई.' काकांच्या हाताला बरोबर कळलं होतं. मला ते ठाऊक होतं, आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

काका अजून आहेत. सुधीर दर रविवारी त्यांना फोन लावतो. मी तिथे असलो की ते आठवणीनं म्हणतात, "मोडीवाल्यांना माझा नमस्कार सांग." सुधीर सांगतो.

आणि मी तो घेतो.