शांतवनकाकांनी पुढे सरकवलेला ट्रे

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे बाकावरून सरकत आला आणि माझ्या शेजारच्या शांतवनकाकांनी पेला न उचलताच तो पुढे दिला. मला वाटलं, तब्येत बरी नसावी. तेवढ्यात ते काठी टेकत उठले आणि थेट बायकांच्या बाजूला गेले.

आमच्याकडे पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे. ही रीत मोडू नये म्हणून सगळ्यांत जास्त भांडणारे शांतवनकाकाच! ते थांबले रूथपाशी. उपासनेत ड्रम आणला म्हणून मागच्या सभेत त्यांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

"पोरी, मी फार लागट बोललो. क्षमा कर."

"काका, मीही उलट बोलले."

"ड्रम मला अजून पटत नाही हं," ते म्हणाले, आणि परत येऊन त्यांनी ट्रे मागितला.

मनात किल्मिष ठेवून प्रभूच्या मेजाशी, म्हणजे या प्रभुभोजनाला, यायचं नाही, हे आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. काकांना आम्ही जुनाट म्हणतो. पण त्यांचा कडकपणा आधी त्यांच्या स्वतःवर चालतो. आम्ही नव्या विचारांची माणसं नकोसा झालेला नंबर ब्लॉक करतो आणि निवांत झोपतो.

पुढच्याच बाकावर माझा सख्खा भाऊ बसला होता. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. आणि माझा पेला मी केव्हाच रिकामा केला होता.