गुलाबच्या कार्डावरचं वजन

मैनाबाई गजभिये कुठल्याही क्वार्टरवर गेली की दार वाजवायच्या आधी मागे जाऊन कपड्यांची दोरी पाहायची. दारात बाई सांगायची, "आमी पाच जन हाओ जी," आणि दोरीवर नऊ जणांचे कपडे वाळत असायचे. मैनाबाई फॉर्मवर पाच लिहायची. कोणाच्या घरात दीर दडलेला, कोणाच्या घरात भाऊ. क्वार्टर मिळायचं ते कारखान्याच्या कार्डावर नाव असलेल्या कुटुंबाला, आणि गावाकडून कामाच्या शोधात आलेला माणूस कार्ड पाहून थोडाच येतो? ती काय कोतवाल होती, की लोकांच्या खाटा मोजत बसावं!

साल एकोणीसशे त्रेसष्ट. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटून चार वर्षं झाली होती, क्वार्टरांच्या रांगा अजून उठतच होत्या. अशात बाहेरच्या एका समाजकल्याण संस्थेच्या मनात आलं, की एवढ्या मोठ्या वस्तीत लेकरं आणि घरं सुखात आहेत की नाहीत हे एकदा मोजावं. त्यासाठी चार पानांचा फॉर्म छापला. घरात किती माणसं झोपतात, आठवड्यात किती वेळा डाळ शिजते, लेकराचं वजन किती, आधी एखादं लेकरू दगावलं का. सुख असा रकाना काही त्यात नव्हता. पण वजन कमी भरलेल्या लेकराला लाल कार्ड मिळायचं, आणि लाल कार्डावर दर आठवड्याला दुधाच्या भुकटीची पुडी. म्हणून बायका निदान दार तरी उघडायच्या.

या कामाला मराठी बोलणारी, लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती. मैनाबाई पवनीची, सातवी पास. नवरा लहानू कोकओव्हनला खलाशी, ओझी ओढायच्या कामावर. छप्पनला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि परतल्यावर मैनाबाईनं घरातले देव स्वतःच्या हातानं वैनगंगेत सोडले. तेव्हापासून नजर, गंडा, दोरा असलं काही ऐकलं की तिचं डोकं फिरायचं. वजन केलं की लेकरू वाळतं, अशी बायकांची ठाम समजूत. मैनाबाई झोळी काट्याला अडकवून म्हणायची, "वजनानं नाई वाळत बाई, उपाशी ठेवल्यानं वाळते." मग काटा पाहून किलोचं शेरात करून सांगायची, कारण किलो अजून कोणाच्या अंगवळणी पडला नव्हता. बायका तिला थोड्या भ्यायच्या आणि पुष्कळ मानायच्या. तिलाही ते आवडायचं, का आवडू नये?

आणि या अशा बाईच्याच घरात, मागच्या खोलीत, न मोजलेलं एक लेकरू होतं.

मैनाबाईची लेक शालू. तिच्या नवऱ्यानं तुमसरला दुसरी बाई घरात आणली, तेव्हा ही पाच महिन्यांचा मिलिंद कडेवर घेऊन माहेरी निघून आली. तापात तिचं दूध आटलेलं. मैनाबाईनं त्याच दिवशी नातवाला झोळीत घातलं. साडेचार किलो. एवढ्या वयाचं एवढं हलकं लेकरू तिनं साऱ्या सेक्टरात पाहिलं नव्हतं. विकतचं अर्धा पाव दूध पाणी घालून त्याला पाजायचे, पण काटा काही हलेना.

"त्याले फॉर्मवर घेतो," ती नवऱ्याला म्हणाली.

"घे अन् क्वार्टर खाली कर," लहानू म्हणाला. "लगन झालेली लेक आपल्या कार्डावर नाई. तिचा पोट्टा तर नाईच नाई. समोरच्या रांगेत भावाले ठेवलं म्हनून नोटीस आली, पाहिलं ना तू?"

"आमचे कागद ऑफिसात जात नाईत. सर्व्हेच्या ताईनं सांगितलं."

"कागद कागदाले भेटतेच," लहानू म्हणाला आणि शिफ्टला निघून गेला. मैनाबाईला राग आला, पण त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

त्याच महिन्यात ती चंपाकडे वजनाला गेली. चंपा साकोलीकडची, शेती करणाऱ्या घरातली. नवरा भैयालाल रोलिंग मिलमध्ये. दोघांना गुलाब नावाचा आठ महिन्यांचा मुलगा, लाल कार्डावरचा. मैनाबाई आली की चंपा तिला अंगणात सतरंजी टाकून द्यायची, पण घरातलं पाणी कधी दिलं नाही, आणि मैनाबाईनं कधी मागितलंही नाही. त्या दिवशी सतरंजीही टाकली नाही. चंपा उंबऱ्यावर नुसती बसून होती. एका लग्नाला माहेरी गेली, तिथं गुलाबला हगवण लागली आणि दोन दिवसांत सारा खेळ संपला.

मैनाबाईनं फॉर्म काढला. दगावल्याचा रकाना तिसऱ्या पानावर होता. तिनं पेन उघडलं तशी चंपानं तिचा हातच धरला. आजवर तिनं या हाताला कधी बोट लावलं नव्हतं.

"लिवू नका बाई. घरात नाई, पाळन्यात नाई, त्या कागदावर तरी राहू द्या माह्या लेकराले."

मैनाबाईचे डोळे भरून आले. तिनं पेन बंद केलं. ही माया खरीच होती. पण त्या मायेच्या मागे मागे एक हिशेबी विचारही चालत आला, तोही तितकाच खरा. कार्ड जिवंत म्हणजे भुकटी जिवंत.

चार दिवसांनी तिनं चंपाला मिलिंदचं सगळं सांगितलं आणि गुलाबचं कार्ड त्याच्यासाठी मागितलं. चंपानं आतून लाल कार्ड आणून दिलं. मग म्हणाली, "घ्या. पोराच्या नावानं पोराच्याच पोटात जाते ना? मंग घ्या."

तेव्हापासून मैनाबाई मिलिंदचं वजन करायची आणि गुलाबच्या ओळीत लिहायची. पावणेपाच. सव्वापाच. सहा. शेजारच्या बायकांना कळलं नसेल असं नाही, पण ज्याच्या त्याच्या मागच्या खोलीत कोणीतरी होतंच, बोलणार कोण? लेकरू बाळसं धरू लागलं. शालू हसू लागली. सहा महिन्यांत गुलाब भैयालाल साडेसात किलोंचा झाला आणि लाल रेषेच्या वर आला. इथंच मैनाबाईचं चुकलं. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला चार आकडे कमी लिहिता येऊ नयेत? पण नातवाचं वजन वाढलेलं पाहून तिला ते खोटं लिहवेना. बाकी सगळं खोटं होतं, तेवढा आकडा तिला खरा हवा होता.

सर्व्हेच्या प्रमुख रत्नमालाताई नागपूरच्या. बाई कडक, पण मनानं फार चांगली. वही चाळता चाळता त्या थांबल्या. "मैनाबाई, हा मुलगा बघा! अख्ख्या सेक्टरात एवढा कोणी सुधारला नाही. मला त्याला पाहायचंय. गुरुवारी आईला त्याला घेऊन आपल्या वजनाच्या केंद्रावर बोलवा."

नाही कसं म्हणणार? गुरुवारी शालूनं मिलिंदला न्हाऊ घातलं, अंगडं चढवलं आणि केंद्राच्या अलीकडे लिंबाच्या झाडाखाली चंपाच्या हाती दिलं. चंपानं त्याला घेतलं आणि सवयीनं लगेच खांद्याला लावलं. शालू झाडाखालीच उभी राहिली. आत जायला तिला काही नातंच नव्हतं.

ताईंनी लेकराला सगळीकडून तपासलं. "चौदा महिन्यांचा ना हा? दात दोनच?"

मैनाबाई वहीत पाहू लागली. चंपा मात्र शांतपणे म्हणाली, "आमच्या घरी दात उशिराच येतेत जी. याच्या बापालेही तसेच आले."

ताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी नकळत फास आवळला. या मुलाची नोंद दर गुरुवारी व्हायला हवी, पाच वर्षांचा होईपर्यंत. आई समोर हवी. गावाला नेलं तर गावच्या दवाखान्याला त्या स्वतः चिठ्ठी देणार आणि वजन मागवून घेणार. पन्नास घरांतून एक तरी लेकरू असं नीट मोजलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मैनाबाईनं मान हलवली. दुसरं करण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

मग दर गुरुवारी तेच. चंपा सकाळीच न्यायला येऊ लागली. आधी एका तासासाठी, मग जेवणापर्यंत, मग उन्हं उतरेपर्यंत. अंगणात सतरंजी टाकणारी चंपा आता मैनाबाईच्या चुलीपाशी बसून पेज थंड करायची आणि तिच्याच माठातलं पाणी प्यायची. असं काही घडावं म्हणून मैनाबाईनं आयुष्यभर वाट पाहिली होती, आणि घडलं तर हे असं. एकदा मिलिंद परत आला तो मनगटात काळा दोरा बांधून. मैनाबाईनं विळी घेतली, दोऱ्यापर्यंत नेली आणि ठेवून दिली.

"तोड ना माय," शालू म्हणाली. "तुले तर दोऱ्याची चीड हाये ना?"

"राहू दे."

"राहू दे म्हने! माह्या लेकराले घरात मी मिलिंद म्हनतो, बाहेर समदे गुलाब म्हनतेत. थो कोनाचा पोट्टा होय, मले सांग एकडाव. मी झाडाखाली उभी राहून राहून थकली."

शालूनं आपलं ठरवलंही होतं. पवनीला मावशी होती, तिथं विड्या वळून पोट भरता आलं असतं. मिलिंद आता चालायला लागला होता, दुधापुरता अडला नव्हता. पण नुसतं निघून गेलं तर पुढच्याच गुरुवारी ताई चंपाच्या दारात उभ्या राहणार, आणि मग एकेक धागा ओढत मैनाबाईच्या मागच्या खोलीपर्यंत पोचणार. नोकरी जाणार, क्वार्टर जाणार. वाट एकच होती.

"लिहून टाक," शालू म्हणाली. "गावाले गेला अन् मेला. झूट थोडीच हाये?"

गुरुवारच्या सकाळी मैनाबाई वही घेऊन चंपाकडे गेली. सांगितल्याशिवाय लिहिणं तिच्यानं झालं नसतं. चंपा दारातच होती, मिलिंदसाठी शिवलेलं नवं टोपडं हातात घेऊन. मैनाबाईनं कसंबसं सांगितलं. चंपा ओरडली नाही, रडली नाही. टोपड्याचे बंद सोडत-बांधत म्हणाली, "एकडाव मेला माहा गुलाब. तेवा तुमीच पेन बंद केला, बाई. मी तं मनाले समजावून घेतलंच असतं. आता दुसऱ्यांदा मारता काय? मारा, तुमच्या हातात पेन हाये."

मैनाबाई तशीच परत फिरली. रस्ताभर तिला आपल्या दोन्ही हातांची लाज वाटत होती.

घरी शालूचं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. आईचा चेहरा पाहून तिनं काय ते ओळखलं. "नसन लिहित तं नको लिहू. मी चालली." तिनं आत वळून हाक मारली, "मिलिंद! चाल बापू."

लेकरू खोलीच्या कोपऱ्यात डब्याच्या झाकणाशी खेळत होतं. त्यानं वर पाहिलं नाही.

"मिलिंद!"

झाकण वाजतच राहिलं. शालूनं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हाक मारली. तिचा आवाज फुटला. मग तिनं आईकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, उघडले, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "गुलाब."

झाकण टाकून ते पोर वळलं, तोंडभर हसलं आणि दोन्ही हात पुढे करून डुलत डुलत तिच्याकडे आलं. शालू त्याला छातीशी धरून गाठोड्यावरच बसली आणि हुंदके देत राहिली. मैनाबाईला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडानं बसणार?

बाहेर चंपाची पावलं वाजली. केंद्राची वेळ झाली होती. मैनाबाईनं काटा खुंटीला अडकवला, लेकराला शालूच्या हातातून हळूच घेऊन झोळीत घातलं आणि वही उघडली. नावाच्या रकान्यात काही लिहायचं नव्हतं, तो आधीच भरलेला होता. तिनं त्याच्यापुढे आकडा लिहिला. साडेआठ किलो.